वर्तुळाच्या मधोमध उभे असलेले मूल

मराठीत 'हरण' या शब्दाला जुना आणि बराचसा रम्य इतिहास आहे. सीताहरण वगळले तर बाकीची हरणे आपण कौतुकानेच ऐकत आलो आहोत. रुक्मिणीहरण हे कीर्तनकारांचे आवडते आख्यान; सुभद्राहरणावर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात संगीत नाटक उभे केले आणि त्यातली पदे पुढे घरोघर गेली. या सर्व कथांत हरण करणारा बाहेरून येतो. घरातलेच माणूस, म्हणजे बाप किंवा आई, आपल्याच अपत्याला दुसऱ्याच्या नकळत उचलून दूर नेते तेव्हा मात्र आपल्या तोंडी 'अपहरण' येत नाही. 'तो मुलाला घेऊन गेला', 'ती मुलीला घेऊन माहेरी आली', एवढेच आपण म्हणतो. क्रियापद निरुपद्रवी आणि कर्म मुके. वाक्य तिथेच संपते आणि ऐकणारा लगेच दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो : चूक नवऱ्याची की बायकोची?

आमचे भांडण या मुक्या कर्माबद्दल आहे. आपला कायदा आणि आपले साहित्य दोघेही अशा प्रसंगी एकच प्रश्न विचारत आले आहेत, तो म्हणजे 'मूल कोणाचे?'. पाळण्यातल्या बाळाविषयी हा प्रश्न कदाचित क्षम्य असेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयी तो केवळ अपुरा नाही, तो अन्याय्य आहे. आणि या अन्यायात साहित्याच्या वाचक-शिक्षकांचा वाटा वकिलांपेक्षा कमी नाही, हे आम्हांस इथे दाखवायचे आहे.

प्रथम पुण्याचे उदाहरण. कायद्याच्या पुस्तकांत ते 'एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ' या नावाने सापडते. आई अमेरिकन, वडील भारतीय, मुलाचा जन्म १९७८ चा. १९८२ मध्ये मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ परगण्याच्या न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला, ताबा आईकडे दिला आणि वडिलांना भेटीचा हक्क दिला. जानेवारी १९८६ मध्ये या भेटीच्या हक्काचे निमित्त करून वडिलांनी मुलाला घेतले, गुपचूप अमेरिका सोडली आणि त्याला पुण्यात आपल्या आईवडिलांच्या घरी आणले. आईने थेट सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी निकाल दिला : मुलाला आईबरोबर मिशिगनला परत जाऊ द्यावे. पुण्यातल्या कुठल्याशा शाळेत मुलाचे नाव घातले आहे, या सबबीचा लाभ बेकायदेशीरपणे मूल आणणाऱ्या बापाला मिळणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट बजावले.

निकाल योग्यच होता, असे आमचे मत आहे. चोरून मिळवलेल्या काळाचे व्याज चोराला देऊ नये, हे तत्त्व त्यात आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने या निकालातली आणखी एक जागा वाचली पाहिजे. न्यायमूर्ती मुलाशी बोलले. मग त्यांनी नोंद केली की हे मूल फार कोवळ्या वयाचे असून कोणाजवळ राहावे याविषयी स्वतंत्र मत बनवण्याइतकी परिपक्वता त्याच्यात अजिबात नाही. आठ वर्षांच्या मुलाविषयी हे विधान कोणी खोटे म्हणणार नाही. तरीही प्रश्न उरतो. त्या बोलण्यात मूल काय म्हणाले? त्याला मिशिगनची कुठली गोष्ट आठवत होती? दहा महिन्यांत पुण्याच्या घरातले काय त्याचे झाले होते? निकालात आईचा व्यवसाय येतो, बापाची लबाडी येते, तारखा येतात. मुलाच्या वाट्याला अपरिपक्वतेचे एक विशेषण येते. देहोपस्थितीचा अर्ज शब्दशः देह मागतो. देह हजर झाला. बाकीचे कोणाला लागतच नव्हते.

कोणी म्हणेल, न्यायालयाने याहून अधिक काय करायचे? बरोबर आहे. म्हणूनच आम्ही न्यायालयापाशी थांबत नाही. मात्र कायद्याची स्थिती थोडक्यात पाहून घेऊ, कारण ती पाहिल्याशिवाय आपल्या साहित्यव्यवहाराचे दुखणे नीट उमगत नाही.

१८९० चा पालक व पाल्य अधिनियम म्हणतो की अज्ञान मूल समजदार पसंती व्यक्त करण्याच्या वयाचे असेल तर न्यायालयाने ती पसंती विचारात घेण्यास हरकत नाही. 'हरकत नाही' हे शब्द लक्षात ठेवावेत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने नैसर्गिक पालक म्हणून बापाचे नाव घेतले आणि 'त्याच्यानंतर' आईचे. या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यायचा की बाप प्रत्यक्षात पालकत्व निभावत नसतानाही, हा प्रश्न गीता हरिहरन या कादंबरीकर्तीला सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली होती. १९९९ मध्ये 'नंतर' म्हणजे 'अनुपस्थितीत' असे न्यायालयाने वाचले. एका शब्दाच्या अर्थावर लाखो घरांतले आईपण लोंबकळत होते, हे साहित्यवाल्यांनी तरी विसरू नये. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की न्यायालयाची मनाई नसेल तर बापाने आईजवळून स्वतःचे मूल नेणे हे अपहरणाच्या गुन्ह्यात बसत नाही. कारण मूल एका नैसर्गिक पालकाकडून दुसऱ्याकडे गेले आहे. म्हणजे आपल्या बोलीभाषेतले 'घेऊन गेला' हे क्रियापद कायद्यातही शाबूत आहे.

देशाबाहेर पाहिले तर १९८० चा हेग करार आहे. बेकायदा नेलेले मूल तातडीने मूळ देशी परतवावे, असे तो सांगतो. वर्ष उलटून मूल नव्या जागी रुजले असेल, किंवा पुरेसे जाणते मूल स्वतः परतण्यास विरोध करीत असेल, तर अपवादाला वाव ठेवतो. मुलाला सोळावे वर्ष पुरे झाले की करार लागूच होत नाही. भारताने या करारात सामील व्हावे अशी शिफारस विधी आयोगाने २००९ मध्ये केली. भारत अद्याप सामील झालेला नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून परदेशातून लेकरासह पळून आलेल्या बाईला हा करार पुन्हा त्याच दारात नेऊन उभी करील, हा त्यावरचा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. करारावर सही व्हावी की न व्हावी हा आमचा विषय नव्हे. आमच्या ध्यानात येते ते एवढेच की या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत बाई आहे, पुरुष आहे, राष्ट्र आहे. आणि चौदा वर्षांचे ते मूल 'हित' नावाच्या एका भाववाचक नामात विरघळून गेले आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. मूल आणि दोन दावेदार म्हटले की साहित्याच्या वर्गात हमखास निघते ती खडूच्या वर्तुळाची गोष्ट. जातकांत महोसधाने रेघ ओढून बाळाला ओढायला लावले, बायबलात सॉलोमनने तलवार मागवली, चिनी नाटकातून ती गोष्ट ब्रेश्टपर्यंत पोचली, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहून तिला मराठी केले. विजया मेहता यांनी ते नाटक बसवले आणि आपल्या प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात ते मानाने नोंदले गेले. ब्रेश्टने जुन्या गोष्टीला कलाटणी दिली हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो : रक्ताच्या आईपेक्षा सांभाळणारी आई खरी, जमीन कसणाऱ्याची तशी मूल वाढवणाऱ्याचे. पण या कलाटणीच्या कौतुकात आपण एक गोष्ट पाहत नाही. जातकापासून ब्रेश्टपर्यंत सारे बदलले, दावेदार बदलले, न्यायाधीश बदलला, निकालाचे तत्त्वदेखील बदलले. वर्तुळातले मूल तेवढे तसेच राहिले. ते बोलत नाही. त्याला ओढायचे असते. हात सोडणारी कोण, यावरून न्याय ठरतो. मुलाने कोणाचा हात धरला होता, हे कोणी पाहत नाही.

तान्ह्या बाळाच्या गोष्टीत हे चालून जाते. पण तोच साचा आपण वाढत्या मुलाला लावतो तेव्हा सगळी गोष्ट खोटी पडते. चौदा वर्षांचे मूल वर्तुळात निमूट उभे राहत नाही. तेही ओढत असते, एकाच वेळी दोन्हीकडे. आठव्या वर्षी नेलेले मूल चौदाव्या वर्षी मागे वळून पाहते तेव्हा त्याच्या पाठीशी दोन खरी घरे असतात. एकात त्याची पहिली भाषा राहिलेली असते, दुसऱ्यात त्याचे मित्र. ज्याने पळवून आणले त्याच बापाने त्याला सायकल शिकवलेली असते, तापात रात्रभर उशाशी बसलेला असतो. जी दूर राहिली त्या आईविषयी त्याच्या मनात ओढ असते आणि तिने आपल्याला वेळेवर सोडवले नाही म्हणून रागही असतो. यांतले एक घर खोटे ठरवल्याखेरीज ज्याचे समाधान होत नाही तो न्याय या मुलाच्या कामाचा नाही. साहित्यही या मुलाकडे 'आई खरी की बाप खरा' याच नजरेने पाहणार असेल, तर मग साहित्याची गरज काय? त्यापेक्षा निकालपत्रे वाचावीत. ती निदान आटोपशीर असतात.

आपल्या परंपरेतले पहिले असे मूल म्हणजे देवव्रत. गंगा शंतनूला सोडून गेली ती आठव्या मुलाला घेऊन. वर्षांनंतर तरुण झालेला मुलगा तिने बापाच्या स्वाधीन केला आणि ती निघून गेली. महाभारत त्याची विद्या सांगते, अस्त्रे सांगते. पण आईपासून तुटून अनोळखी बापाच्या राजवाड्यात पाऊल टाकताना त्याला काय वाटले, याविषयी चकार शब्द काढत नाही. पुढे त्याच बापाच्या लग्नासाठी तो राज्य सोडतो आणि संसारही सोडतो. पुण्यात बसून इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माच्या त्यागाची निर्भीड चिकित्सा केली. तिचे ऋण मानूनच आम्ही म्हणतो की प्रतिज्ञेच्या आधीचा देवव्रत अजून कोणी नीट वाचलेला नाही. उशिरा भेटलेल्या बापाला आपण हवेसे व्हावे म्हणून सर्वस्व देऊन टाकणारा तो मुलगा आहे, असे वाचून पाहा. भीष्मप्रतिज्ञेचा अर्थ निराळा दिसू लागतो. त्यागाचे आपण पोवाडे गातो. दोन घरांत वाढलेल्या मुलांना विचारले तर ती सांगतील की असा त्याग त्यांना रोजचा असतो : या घरी त्या घराचे नाव काढायचे नाही, त्या घरी या घराचे.

आधुनिक काळात मन्नू भंडारींनी 'आपका बंटी' (१९७१) लिहून हिंदीत हे मूल प्रथम मध्यभागी आणले. आईच्या नव्या संसारात बंटी मावत नाही, बापाच्या नव्या संसारातही मावत नाही. शेवटी उरते वसतिगृह. पुढे १९८२ मध्ये मुंबईच्या एका पारशी दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मुलीसाठी पाचगणीच्या निवासी शाळेचाच मार्ग पत्करला, कारण तिची पसंती समजदार मानण्याजोगी न्यायालयाला वाटली नाही. कादंबरी आणि निकालपत्र एकाच ठिकाणी पोचले, पण फरक पाहा. निकालपत्रात वसतिगृह हा तोडगा आहे. कादंबरीत तो पराभव आहे, आणि पराभूत झालेली माणसे प्रौढ आहेत. साहित्य एवढे करू शकते. तोडग्याच्या आतला पराभव ते दाखवू शकते.

मराठीत असे काही नाही काय? आहे, आणि आमची खरी तक्रार इथेच आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्याजवळ आहे. 'वनवास' १९९४ चे, 'शारदा संगीत' १९९७ चे, 'पंखा' २००१ चे. आई, बाबा, भावंडे दुसऱ्या गावी. हा शाळकरी मुलगा सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे. इथे अपहरण नाही, कोर्ट नाही, कोणी दुष्ट नाही; उलट माया भरपूर आहे. तरीही लेखकाने पहिल्या पुस्तकाला नाव दिले ते 'वनवास'. आणि लेखकाचेच पाहा : कागदोपत्री ते भालचंद्र गोपाळ दीक्षित. लिहायला बसले ते इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचा मुलगा म्हणून, प्रकाश नारायण संत या नावाने. एकाच माणसाला दोन घरांची दोन नावे. लेखन करताना त्याने कोणते निवडले, याहून बोलका पुरावा समीक्षेला कोणता हवा होता?

आपण या पुस्तकांचे काय केले? 'निरागस भावविश्व', 'हरवलेले बालपण', 'स्मरणरंजनाचा तरल प्रत्यय', अशा मऊ शब्दांच्या रजईत त्यांना गुंडाळून ठेवले. लंपनच्या बोलीचे कौतुक झाले, बेळगावकडच्या वासा-रंगांचे झाले. पण या मुलाला कोणीही विचारलेले नाही, हे त्या कथांच्या मुळाशी असलेले कठोर सत्य आपण बोलून दाखवले नाही. आजोळ हा शब्द मराठीला इतका पवित्र वाटतो की आजोळी राहिलेले मूल दुःखी असू शकते, ही कल्पनाच आपल्याला अभद्र वाटते. हे केवळ वाङ्मयीन भाबडेपण म्हणून सोडून देता येत नाही. परदेशातून सुटीला आजोळी आलेले मूल परत जातच नाही, हा पालकांकरवी होणाऱ्या अपहरणाचा एक अगदी नेहमीचा प्रकार आहे. कायदा त्याला बेकायदा रोखून धरणे म्हणतो. आपण म्हणतो, 'रमला हो इथे'. पुण्याच्या कितीएक सदनिकांत अशा रमलेल्या मुलांची दप्तरे भिंतीला टांगलेली असतील. त्यांच्या रमण्यावर शंका घ्यायला आपल्याला लंपनने शिकवायला हवे होते. आपण लंपनलाच रमवून टाकले.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा : मुलाचे ऐकायचे ठरवले तर पढवलेल्या पोपटाचे ऐकावे लागेल, ज्याच्या ताब्यात मूल त्याचीच भाषा ते बोलणार. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. पढवलेल्या बोलण्यातही पढवणाऱ्याचे किती आणि मुलाचे किती, हे उलगडणे अशक्य नाही. ते कष्टाचे आहे. निवेदक विश्वसनीय नसेल तर संहिता फेकून द्यावी असे कोणी साहित्यशिक्षक वर्गात म्हणतो काय? तिथे तर आपण तासन्‌तास घालवतो. निवेदकाची विसंगती, त्याची मौने, उसनी वाक्ये आणि त्यांच्या फटीतून डोकावणारा त्याचा स्वतःचा स्वर, हे सारे वाचण्याची विद्या आपलीच. मग जिवंत मुलासमोर ती विद्या एकाएकी निरुपयोगी कशी ठरते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाला विचारणे म्हणजेच त्याला निवडायला लावणे, आणि आई-बापांतून एकाला निवडायला लावण्याइतकी क्रूर गोष्ट दुसरी नाही. आम्ही हा आक्षेप पूर्णतः मान्य करतो. आमचा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. ऐकणे वेगळे, निवडायला लावणे वेगळे. 'तुला कोणाकडे राहायचे?' हा प्रश्न मुलाच्या गळ्यात निकालाची जबाबदारी अडकवतो. 'तुला काय आठवते? कशाची भीती वाटते? त्या घरी कोणाला निरोप द्यायचा राहिला?' हे प्रश्न तसे करीत नाहीत. निर्णय प्रौढांनी घ्यावा आणि त्याचे पापही प्रौढांनीच वाहावे. परंतु मुलाचे म्हणणे त्याच्या शब्दांत कुठेतरी उतरले पाहिजे. अठराव्या वर्षी त्याने कागद उघडले तर त्याला आपली 'अपरिपक्वता' तेवढी सापडू नये. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलमही हेच मागते : मत मांडण्याचा हक्क आणि त्या मताला वय व समज यांनुसार वजन. निवाडा मुलावर ढकलावा असे ते कलम कुठेच म्हणत नाही.

लंपनच्या कथा नेमके हे करतात. त्याला कोणी निवडायला लावत नाही आणि वाचकही त्याच्या वतीने निवड करीत नाही. तरी पुस्तक मिटताना दोन्ही घरांचा भार आपल्या अंगावर येतो. मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे न करता त्याची साक्ष घेता येते, हे या मराठी गद्याने दाखवून ठेवले आहे. ज्यांना हे गद्य शिकवण्याचे वेतन मिळते त्यांनी निदान ते ओळखावे.

म्हणून आमची मागणी लहान आणि नेमकी आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'लंपनचे भावविश्व उलगडून दाखवा' या थाटाचा प्रश्न आता पुरे झाला. त्याच्या जागी विचारा : 'लंपनला न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत कथेत कोण आणि कशी मोजते?' 'अजब न्याय वर्तुळाचा' शिकवताना वर्तुळातल्या मुलाला एक स्वगत लिहून द्यायला विद्यार्थ्यांना सांगा. दिनशॉ निकाल मराठीच्या वर्गात वाचा, आणि जिथे मुलाशी बोलल्याचा उल्लेख येतो तिथे थांबा. त्या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणी दोन घरांत वाढलेला असेल. त्याला हात वर करायला लावू नका. तो लिहील तेव्हा वाचा.